आठवी 'ब'चं एकही नाव नाही: एका सत्रअखेर वार्तापत्राचं प्रकरण

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्गापासून थोडं आत, चोपडा आणि शिरपूरच्या दरम्यान ही शाळा आहे. अनुदानित माध्यमिक विद्यालय, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या. 'अ' सेमी इंग्रजीची, 'ब' पूर्ण मराठीची. गावातल्या बागायतदारांची मुलं, त्यांच्याच शेतात राबणाऱ्या सालदारांची (वर्षाच्या कराराने कामाला राहिलेल्या गड्यांची) आणि मजुरांची मुलं आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून एसटीने येणारी पावरा आदिवासी मुलं, असा पट. घरी बोलायची भाषा अहिराणी किंवा पावरी, फळ्यावरची मराठी.

शाळेचं आणि माणसांचं नाव देत नाही. मी स्वतः शेजारच्या तालुक्यातून निवृत्त झालेला मराठीचा शिक्षक. इथल्या मुख्याध्यापक मॅडम वार्तापत्र छापखान्यात जाण्याआधी शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवतात, म्हणून हे प्रकरण जवळून पाहायला मिळालं. शैक्षणिक वर्ष २०२४–२५.

वार्तापत्र म्हणजे चार पानांचं साधं पत्रक. दिवाळीच्या सुट्टीआधी एक आणि १ मे रोजी निकालासोबत एक. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून करून घ्यायचं, थोड्या प्रती छापायच्या आणि पीडीएफ वर्गशिक्षकांनी आपापल्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायची. गावात ते वाचलं जातं, ही गोष्ट शहरातल्या वाचकाला कदाचित खरी वाटणार नाही. केळीच्या बागेत पाणी देणारा बाप फोनवर ते पत्रक मोठं करून करून बघतो. त्याला अक्षरं नीट लागत नसतील, तरी पोराचं नाव मात्र बरोबर सापडतं.

ऑक्टोबरचं पत्रक

पहिल्या पानावर दहावीच्या निकालातले पहिले तीन. दुसऱ्यावर शिष्यवृत्तीधारक, विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळालेली मुलगी, जिल्हास्तरावर गेलेला मुलींचा खो-खो संघ. तिसऱ्या पानावर वृक्षारोपण, स्वातंत्र्यदिन, शिक्षकदिन, आणि प्रत्येक बातमीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, प्रमुख पाहुणे अशी नावांची रांग. चौथ्यावर देणगीदार.

वाचायला पत्रक नीटनेटकं होतं. माझ्या हातात आलं तेव्हा मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवलं होतं. त्यातली एक गंमत नंतर लक्षात आली, ती बहुतेक शाळांच्या पहिल्या सत्राच्या पत्रकात असते. दहावीचा निकाल मे महिन्यात लागलेला, म्हणजे पहिल्या पानावरची तिन्ही मुलं शाळा सोडून गेलेली. आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत झालेली, म्हणजे ती मुलं आता नववीत. शासकीय रेखाकला परीक्षेला बसलेल्यांचे निकाल अजून यायचे. एनएमएमएस ही आठवीच्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा डिसेंबरात. थोडक्यात, जून ते ऑक्टोबर शाळेत काय घडलं याचं पत्रक, आणि त्यातले मोठे मथळे सगळे आधीच्या वर्षाचे. चालू सत्रातलं खरं म्हणावं असं एक प्रदर्शन, एक वक्तृत्व आणि खो-खो.

पहिल्या सत्राच्या निकालाच्या दिवशी पालक येतात, प्रगतिपत्रकावर सही करतात, जातात. त्या दिवशी आठवी 'ब'मधल्या एका मुलाचे वडील सही करूनही थांबले. गावातल्या एका केळी बागायतदाराकडे सालदार. फोन पुढे करून ते मॅडमना म्हणाले, "मॅडम, मना आंडोर विहिरी मोजत फिरना. त्यानं नाव यामा काब्र नही?" (माझा मुलगा विहिरी मोजत फिरला, त्याचं नाव यात का नाही?)

आवाजात तक्रार नव्हती. पत्रकाचं एखादं पान आपल्या फोनवर उघडलं नसेल, अशा समजुतीने ते विचारत होते.

मॅडमना विहिरींचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी भूगोलाच्या शिक्षकांना बोलावलं. शिक्षकांना लगेच आठवलं.

विहिरींची वही

आठवीच्या मुलांना परिसरातल्या पाण्यावर प्रकल्प दिला होता. बहुतेकांनी जलचक्राचं चित्र काढून आणलं, काहींनी स्टेशनरीच्या दुकानातला तयार तक्ता चिकटवला. या मुलाने सुतळीला दर फुटावर गाठ मारली, टोकाला दगड बांधला आणि वडील ज्या शिवारात कामाला जातात तिथल्या, अजून बुजवल्या नाहीत अशा जुन्या विहिरींमध्ये ती सोडली. दगड पाण्याला टेकला की सुतळी सैल पडते. तिथे बोट धरायचं आणि वर काढून गाठी मोजायच्या. एकदा जुलैच्या सुरुवातीला, एकदा सप्टेंबर संपताना. वहीत चार रकाने: कुणाची विहीर, जुलैत किती फुटांवर पाणी, सप्टेंबरात किती, आणि जवळ बोअर आहे की नाही. हा चौथा रकाना त्याचा स्वतःचा, शिक्षकांनी सांगितलेला नव्हता. दोन विहिरींपुढे 'तळ' एवढंच लिहिलेलं. म्हणजे दोन्ही वेळा दगड कोरड्या तळाला लागला. चोपडा-यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पाणी खोल गेलं म्हणून सगळेच बोलतात. इथे ते एका पोराने गाठी मोजून लिहून ठेवलं होतं.

शिक्षकांनी त्याला प्रकल्पाचे चांगले गुण दिले होते. अन्याय असा काहीच झाला नव्हता. सातवी-आठवीला आकारिक, म्हणजे सत्रभर चालणारं, मूल्यमापन चाळीस गुणांचं आणि संकलित, म्हणजे सत्रअखेरचं, साठचं. आकारिकाची जी आठ साधनं-तंत्रं आहेत त्यात प्रकल्प हे एक. त्या रकान्यात आकडा गेला, रकान्यांची बेरीज झाली, बेरजेची श्रेणी झाली. विहिरी त्या बेरजेत बुडाल्या.

आता मॅडमनी जे केलं त्यामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं. बापाची समजूत काढून त्यांना ते मिटवता आलं असतं. त्यांनी त्या मुलाच्या वर्णनात्मक नोंदी मागवल्या.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हापासून पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने शब्दांत नोंद ठेवायची आहे: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम. पण एका वर्गात पन्नास-साठ मुलं आणि विषय अनेक, तेव्हा बाजारात वर्षभरातच नोंदींची तयार पुस्तकं आली, पुढे सॉफ्टवेअर आलं. वाक्य निवडा, चिकटवा. मीही नोकरीत असताना ही पुस्तकं टेबलाटेबलावर पाहिली आहेत.

त्या मुलाच्या नोंदीत लिहिलं होतं: "शाळेत नियमित उपस्थित राहतो. स्वाध्याय वेळेत पूर्ण करतो. चित्रकलेची आवड आहे." मॅडमनी हजेरीपट उघडला. ऑगस्टमध्ये मुलगा सलग आठवडाभर गैरहजर. पोळ्याच्या आसपासही गैरहजर. मग त्यांनी हजेरीत त्याच्या खालच्या क्रमांकावर असलेल्या मुलाच्या नोंदी काढल्या. तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने. त्याच्या खालची मुलगी: "राहतो"चं "राहते" झालं होतं, चित्रकलेच्या जागी रांगोळी आली होती.

सुट्टी लागण्याआधीच्या शिक्षक बैठकीत त्यांनी आणखी एक काम करवून घेतलं. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपला हजेरीपट आणि वार्तापत्र समोर घ्यायचं आणि पत्रकात ज्याचं नाव आलं त्याच्यापुढे लाल पेन्सिलीने खूण करायची. 'अ' तुकड्यांमध्ये खुणा दिसल्या, काही नावांपुढे तर दोन-दोन, तीन-तीन. तीच मुलगी वक्तृत्वात, तीच विज्ञान प्रदर्शनात, तीच शिष्यवृत्तीत. 'ब' तुकड्यांमध्ये खो-खोवाल्या मुली सोडल्या तर पानं कोरी. आठवी 'ब'च्या हजेरीवर एकही खूण नाही.

बैठकीत काय बोललं गेलं

शिक्षकांची पहिली प्रतिक्रिया माझ्या मते प्रामाणिक होती. "मिळवलं असतं तर छापलं असतं," असं इंग्रजीचे शिक्षक म्हणाले. ज्याला बक्षीस नाही त्याची बातमी कशाची करणार? उद्या प्रत्येक पालक येऊन विचारेल. मग 'गुणवंत' या मथळ्याला किंमत काय राहील?

या आक्षेपाला मॅडमकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मराठीच्या बाईंनी एक मुद्दा काढला. अमळनेर इथून फार लांब नाही. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहाच्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. रोज. तालुक्याहून, जिल्ह्याहून कुणीतरी प्रमाणपत्र पाठवेल आणि मग बातमी होईल, अशी वाट पाहिली असती तर दैनिक कसलं, वार्षिकही निघालं नसतं. बाईंचं म्हणणं असं की आपल्या पत्रकात जे छापलं आहे ते सगळं बाहेरच्यांनी पाहिलेलं आहे: परीक्षा परिषदेने, बोर्डाने, स्पर्धेच्या परीक्षकांनी. आपण पाच महिने रोज सहा-सात तास या मुलांबरोबर होतो, आपण पाहिलेलं त्यात एक वाक्य नाही.

यावर विज्ञानाचे शिक्षक म्हणाले की पाहिलेलं पुष्कळ आहे, लिहिलेलं नाही. आणि लिहायला वेळ कुठे आहे? त्याच काळात विधानसभेची निवडणूक जाहीर झालेली होती, मतदान २० नोव्हेंबरला. निम्म्या शिक्षकांना प्रशिक्षणाची पत्रं आलेली. यू-डायस, सरल या सरकारी ऑनलाइन नोंदी, वर आता मुलांचे अपार आयडी, म्हणजे विद्यार्थी ओळख क्रमांक, काढायचे. सर्व्हर रात्री अकरानंतर चालतो म्हणून लोक रात्री जागून माहिती भरत होते. अशा माणसांना आणखी एक रजिस्टर देणं म्हणजे बंडाला आमंत्रण.

शेवटी ठरलं ते अगदी थोडं ठरलं. शिक्षकखोलीत टेबलावर एक लांब वही दोरीने बांधून ठेवायची, बँकेतल्या पेनसारखी. ज्याला जे दिसेल त्याने ते तिथल्या तिथे एका ओळीत लिहायचं: तारीख, मुलाचं नाव-वर्ग, मुलाने काय केलं, कुणी पाहिलं. आठवड्याला एका शिक्षकाने एक ओळ लिहिली तरी पुरे. आणि मॅडमनी वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं: विशेषण लिहायचं नाही.

या शेवटच्या अटीची थट्टा झाली. मला मात्र सगळ्या प्रकरणात तीच सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते.

वहीतल्या ओळी

दिवाळीनंतरचे पहिले काही आठवडे वही जवळजवळ वाया गेली. "वर्गात मदत करतो." "हुशार आहे, पण घरी लक्ष नाही." "प्रामाणिक." जुन्या नोंदींच्या पुस्तकाची सवय हातातून जाईना. मॅडम अशा ओळींवर रेघ मारायच्या आणि बाजूला एकच प्रश्न लिहायच्या: "केलं काय?"

डिसेंबरपासून ओळी बदलल्या. मी वही वाचली आहे. त्यातल्या काही नावं गाळून देतो.

सातवी 'ब', मुलगी: पाचवीत नव्याने आलेल्या पावरी बोलणाऱ्या मुलाशेजारी तीन दिवस मधल्या सुट्टीत बसली, गणिताच्या पुस्तकातले शाब्दिक प्रश्न त्याला त्याच्या भाषेत सांगितले.

नववी 'अ', मुलगा: व्होल्टमीटर उलटा जोडला गेला, काटा शून्याच्या मागे गेला. "बिघडला" म्हणून ठेवून न देता तारा अदलाबदल करून पाहिल्या, कारण वहीत लिहिलं.

आठवी 'ब', मुलगी: खो-खो संघात राखीव. एकाही सामन्यात मैदानात उतरवली नाही. सरावाला एक दिवस चुकली नाही. (खाली क्रीडाशिक्षकांची सही, आणि वेगळ्या शाईत: "पुढच्या वर्षी उतरवणार.")

सहावी 'ब', मुलगा: ऊसतोडीहून होळीआधी परत आला. गेलेल्या महिन्यांतले मराठीचे धडे स्वतःहून मागितले.

शेवटच्या ओळीबद्दल थोडं सांगायला हवं. दिवाळीनंतर पाड्यांवरची काही घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात आणि होळीच्या, भोंगऱ्याच्या (होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या) सुमाराला परततात. त्या मुलांचं दुसरं सत्र तिथेच निघून जातं. पत्रकाच्या दृष्टीने ही मुलं कधी नसतातच: परीक्षांना नाहीत, स्पर्धांना नाहीत, संमेलनाला नाहीत. वहीत त्यातला एक तरी सापडला.

वहीने सगळं पालटलं असं नाही. काही शिक्षकांची एकही ओळ नाही. काही मुलं वहीतही वारंवार येतात, कारण बोलकी मुलं शिक्षकाच्या डोळ्यांत भरतात आणि गप्प बसणारी तिथेही सुटतात. फेब्रुवारीत मॅडमनी पुन्हा लाल पेन्सिलीचा प्रयोग केला आणि ज्या नावांपुढे काहीच नाही त्यांची यादी शिक्षकखोलीत लावली. आठवी 'ब'चं पान आता कोरं नव्हतं. यादी पाहून मराठीच्या बाई म्हणाल्या, "यातल्या दोघांचा आवाजही मला आठवत नाही." पुढच्या आठवड्यात त्या दोघांबद्दल ओळी आल्या. त्या पाहून लिहिल्या की यादीमुळे लिहिल्या, हे मी ठरवू शकत नाही. बहुधा दोन्ही.

१ मेच्या पत्रकाचा मसुदा

त्या वर्षी राज्यभर पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या होत्या आणि निकाल मात्र १ मेलाच. पेपर तपासून, श्रेण्या भरून, प्रगतिपत्रकं लिहून द्यायला पाच दिवस. खान्देशात एप्रिलअखेरचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. पत्र्याच्या वर्गात दुपारी बसवत नाही. अशात वार्तापत्र कोण लिहिणार? तर यंदा ते लिहावंच लागलं नाही. वहीतल्या ओळी निवडायच्या होत्या. मराठीच्या बाईंनी दोन संध्याकाळी मसुदा केला आणि माझ्याकडे पाठवला.

पहिल्या पानावर विहिरी होत्या. मुलाने मार्चमध्ये तिसऱ्यांदा मोजमाप घेतलं होतं आणि तिन्ही वेळच्या आकड्यांचा तक्ता अर्ध्या पानावर छापला होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे हरकत घेतली. पोरगं विहिरीत वाकून सुतळी सोडतं, ते आपण पहिल्या पानावर छापायचं, उद्या आणखी चार पोरं कठडा नसलेल्या विहिरींवर जातील. हरकत रास्त होती. चौकशी केली तेव्हा कळलं की वडील नेहमी सोबत असत, सुतळी कधी कधी तेच धरत. तक्त्याखाली तेवढं एक वाक्य वाढवलं: मोजमाप वडिलांच्या सोबतीने घेतलं. त्यामुळे सालदार बापाचाही उल्लेख पत्रकात आला, तो कुणी मुद्दाम घडवून आणला नव्हता.

खरा पेच दुसऱ्या पानावर झाला. आठवी 'ब'मधली एक मुलगी एनएमएमएस उत्तीर्ण झाली होती. ही केंद्राची शिष्यवृत्ती, नववी ते बारावी अशी चार वर्षं, वर्षाला बारा हजार रुपये. शाळेच्या दृष्टीने मोठी बातमी, आणि 'ब' तुकडीतून तर आणखी मोठी. बाईंनी ती प्रेमाने लिहिली: वडिलांचं छत्र हरपलेलं, आई कापूस वेचायला आणि केळीच्या बागेत मजुरीला, घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची, तरीही जिद्दीने अभ्यास करून हिने यश खेचून आणलं. असा मजकूर आपण सगळ्यांनी हजारदा वाचलाय. वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर मेमध्ये दुसरं काही नसतं. मीही त्यात फक्त एक अनुस्वार दुरुस्त केला.

मसुदा मुलीला दाखवायची कल्पना मॅडमची. नाव-आडनाव बरोबर आहे का तेवढं पाहून घे, म्हणून त्यांनी तिला बोलावलं. तिने उभ्या उभ्या वाचलं. मग म्हणाली, "मॅडम, नाव राहू द्या. घरचं काढून टाका."

मॅडमनी विचारलं, यात खोटं काय आहे?

"खोटं नाही. पण परीक्षा मी दिली ना."

मग तिने बेंचवर बसून मसुद्याच्या मागच्या बाजूला स्वतः लिहिलं, ते जवळजवळ तसंच छापलं. मजकूर असा: बौद्धिक क्षमता चाचणीत आकृत्यांचे प्रश्न मला जमत नव्हते, म्हणून मी आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून फक्त आकृत्यांचे प्रश्न रोज सोडवले, शालेय क्षमता चाचणीत विज्ञान सोपं गेलं, समाजशास्त्राच्या सनावळ्या राहिल्या, पुढच्या वर्षी बसणाऱ्यांनी सनावळ्या आधी कराव्यात.

माझ्या मते संपूर्ण पत्रकात सर्वात उपयोगाचा मजकूर हाच. हलाखी वाचून सातवीतल्या मुलाला काय करायचं ते कळत नाही. आकृत्या रोज सोडवायच्या हे कळतं.

यातली एक अडचण राहतेच. एनएमएमएसला पालकांच्या उत्पन्नाची अट आहे, सध्या वर्षाला साडेतीन लाखांच्या आत. म्हणजे नाव छापलं की घरची बाब थोडीशी उघड होतेच. मॅडमनी तेव्हापासून नियम केला की बातमी छापण्याआधी ती ज्याची आहे त्याला वाचायला द्यायची आणि तो नको म्हणाला तर नाही छापायची. दोन मुलांनी नको म्हटलं. एकाने कारण सांगितलं नाही, आणि त्याला विचारलंही नाही. ऊसतोडीहून आलेल्या सहावीच्या मुलाने होकार दिला, पण 'ऊसतोडीहून' हा शब्द काढायला लावला. त्याच्या ओळीत आता फक्त एवढं आहे की त्याने राहिलेले धडे मागून घेतले. शिक्षकखोलीत एक-दोघांना ती ओळ त्यामुळे फिकी वाटली. मला नाही वाटली.

मान्यवरांचं पान

याबद्दल थोडक्यात. विहिरी, प्रयोगशाळा, खो-खोची राखीव मुलगी यांना जागा करायची तर कुठून तरी काढावी लागणार होती. पदाधिकाऱ्यांची नावं प्रत्येक बातमीतून काढून शेवटच्या पानावर एका चौकटीत एकदाच आली. संस्थेच्या कार्यालयातून फोन आला. मॅडम जाऊन भेटल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. चौकट मात्र मूळ आकारापेक्षा मोठी होऊन परत आली आणि फोटोही त्यात बसवावा लागला. देणगीदारांच्या बाबतीत मॅडमचा हात आखडता नव्हता, आणि ते बरोबरच आहे. अशा शाळांतली बहुतेक बक्षिसं कुणाच्या तरी आई-वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवींच्या व्याजातून चालतात. काही ठेवी इतक्या जुन्या आहेत की आजच्या व्याजात एक कंपासपेटीही येत नाही, तरी ठेवीच्या अटीत 'दहावीत प्रथम' असंच लिहिलेलं आहे आणि ती अट शाळा बदलू शकत नाही. एका देणगीदाराने मात्र पत्रक वाचून स्वतःहून विचारलं की पुढच्या वर्षी वहीतल्या एखाद्या मुलाला काही द्यायचं का. मॅडमनी नाही म्हणून सांगितलं. बक्षीस लागलं की शिक्षक बक्षिसासाठी लिहायला लागतील, असं त्यांचं मत. इंग्रजीचे शिक्षक यावर त्यांच्याशी पहिल्यांदा सहमत झाले.

आखाजीनंतर

खान्देशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. त्या दिवशी हिशोब होतो, नवा करार ठरतो, किंवा माणूस दुसरं शेत, दुसरं गाव पाहतो. २०२५ मध्ये आखाजी ३० एप्रिलला होती, निकालाच्या आदल्या दिवशी. विहिरीवाल्या मुलाच्या वडिलांचा करार या गावात पुढे चालला नाही. १ मेला ते निकाल घ्यायला आले ते दाखल्याचा अर्ज घेऊनच. पत्रक तिथेच टेबलावर पडलेलं होतं, पहिल्या पानावर त्यांच्या पोराचा तक्ता.

शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक' असे दोन रकाने असतात. लिपिकाने नेहमीप्रमाणे 'समाधानकारक' आणि 'चांगली' लिहिलं. त्या रकान्यांत दुसरं काही लिहायची रीत नाही, आणि दाखल्यावर खाडाखोड नको म्हणून मॅडमनीही आग्रह धरला नाही. त्यांनी वहीतल्या त्या मुलाच्या सगळ्या ओळींची आणि पत्रकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढली, शाळेचा शिक्का मारला आणि दाखल्यासोबत दिली. वडिलांनी विचारलं, नव्या शाळेत हे दाखवायचं का? मॅडम म्हणाल्या, भूगोलाच्या सरांना दाखवा. अर्जासोबत जोडू नका, फाईलमध्ये जाईल.

जूनमध्ये वही नव्याने सुरू झाली तेव्हा वाद उरला तो नववी-दहावीचा. वर्णनात्मक नोंदींची सक्ती आठवीपर्यंतच. दहावीच्या शिक्षकांचं म्हणणं की त्यांच्याकडे ऐंशी गुणांची लेखी परीक्षा आहे, वीसचं अंतर्गत मूल्यमापन आहे, जादा तास आहेत; बोर्डाच्या निकालाशिवाय त्यांच्या वर्गाबद्दल कुणी काही विचारत नाही, तेव्हा त्यांनी का लिहावं? मॅडमनी दहावीला तूर्त सूट दिली आहे. नववीचे वर्गशिक्षक लिहितात, आणि सनावळ्या आधी करा म्हणणारी ती मुलगी आता त्यांच्या वर्गात आहे. दिवाळीच्या पत्रकाचा मसुदा वर्गात वाचून दाखवा, मग छापा, असं तिनेच सुचवल्याचं मला मॅडमनी फोनवर सांगितलं. त्यावर शिक्षक बैठकीत अजून निर्णय झालेला नाही.